कोलोमान नावाचा मुलगा

१८ नोव्हेंबर

सकाळी सातला अंधार, दुपारी चारला पुन्हा अंधार. मधल्या वेळात पाच कोलोमान.

मठातली ही वही म्हणजे मेलेल्यांचं कॅलेंडर. प्रत्येक तारखेखाली त्या दिवशी वारलेल्यांची नावं. वर्ष नाही. नाव आणि फार तर एक शब्द: राजा, बिशप, भिक्षू. रोज सकाळी त्या तारखेची नावं मोठ्यानं वाचायची, एवढ्यासाठीच ती लिहिलेली. चारशे वर्षं वेगवेगळ्या हातांनी त्यात भर घातली. माझं काम प्रत्येक नावामागचा माणूस शोधून त्याला क्रमांक देणं. दोन नावं एकाच माणसाची असतील तर जोडायची. एक नाव दोन माणसांचं असेल तर तोडायचं.

या मठाचा हंगेरीच्या राजघराण्याशी संबंध होता, म्हणून हे कोलोमान. एक राजा, तीन फेब्रुवारी १११६ ला वारला. हा पक्का. एक राजपुत्र, मंगोलांशी लढताना जखमी होऊन गेला. एक बिशप. एक साधा भिक्षू. आणि पाचवा, राजाच्या बरोबर खाली, तीन फेब्रुवारीलाच: ‘कोलोमान, मुलगा’. बाकी काही नाही. असा मुलगा कुठल्याच इतिहासात सापडत नाही.

त्याच्या नावाखाली एक ओळ रिकामी आहे. बाकी पान गच्च. जागा नाही म्हणून समासात नावं कोंबली आहेत. ही एक ओळ मात्र चारशे वर्षांत कुणी भरली नाही.

फ्राऊ लिंडनरना दाखवलं. प्रकल्प त्यांचा आहे. म्हणाल्या, “आल्झो, हे बघ, मुलगा म्हणजे कुठलाही मुलगा. ‘अज्ञात’ लिही आणि पुढे चल.”

घरी आले तर यशोधन म्हणाला, आईचा व्हिसा झाला. सासूबाई महिनाअखेरीला येतील. माझ्या मुटरपासवर, गरोदरपणाच्या कार्डावर, बाळंतपणाची तारीख तीन फेब्रुवारी आहे. हे मी त्याला बोलले नाही. इतिहास शिकलेल्या माणसानं तारखांना घाबरून कसं चालेल.

२१ नोव्हेंबर

नवा प्रोग्रॅम आला. सारखी नावं दिसली की तो विचारतो: हा एकच माणूस आहे का? राजा कोलोमान आणि बिशप कोलोमान एकच असल्याची त्याला ८१ टक्के खात्री आहे. चूक, पण अगदी वेडी चूक नाही. राजाला लहानपणी बिशपच करायचं ठरलं होतं. मात्र बिशपचं नाव दोनशे वर्षांनंतरच्या हातानं लिहिलेलं आहे. तोडलं.

अशा प्रोग्रॅमची चाचणी घरच्यांवर घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. फ्राऊ लिंडनरनी आपली मांजर घातली आहे, मठाधिपती म्हणून. मी यशोधनचं घर घातलं. सासरे श्यामकांत. यशोधन. त्याचा मोठा भाऊ भास्कर, १९७७ ते १९८६, शेरा: मुलगा. तो यशोधनच्या जन्माआधी दोन वर्षं तापानं गेला. मी त्याचा फोटोही पाहिलेला नाही. चाचणीला एक नाव दोनदा हवं होतं, म्हणून बाळाला तात्पुरतं भास्कर लिहिलं, तारीख तीन फेब्रुवारी. मुलगा की मुलगी हे इथले डॉक्टर सांगतात. आम्ही विचारलं नाही.

प्रोग्रॅमनं विचारलं: एकच माणूस? मी चहा पीत होते. ‘हो’ दाबलं. दिवसातून दोनशे वेळा दाबते, बोट आपोआप जातं. दोन नोंदींची एक झाली. क्रमांक जुना राहिला, तारीख नवी.

उद्या काढून टाकेन.

१ डिसेंबर

आई आल्या. बॅगेत अर्धं सामान बाळंतिणीचं: अळीव, डिंक, खारीक, सुंठ. त्यात मोज्यात गुंडाळलेली एक छोटी स्टीलची वाटी. बाजूला टिंबाटिंबांनी कोरलेलं: चि. भास्कर. खाली मुंजीची तारीख.

“ही कशाला, आई?”

“खिरीला.”

“बाळ सहा महिने खीर नाही खाणार.”

“थांबेल की. बराच थांबलाय.”

यशोधन म्हणाला, “अगं आई, इथे वाट्या मिळतात.”

“नाव घालून मिळतात का?”

तो हसला. मीही. जेवताना त्या म्हणाल्या, नावाचा घोळ घालू नका, नाव ठरलेलं आहे. यशोधननं फोन बघायला घेतला.

मी म्हटलं, “आम्ही अजून ठरवलं नाही.”

“तुम्ही नाही. ठरलंय म्हटलं मी.”

६ डिसेंबर

आज डिंक तळताना आईंनी सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते.

“मुंज झाली होती, म्हणून दहावा केला. लहान मुलाचं एवढं करत नाहीत. कऱ्हाडला, नदीवर. पिंड ठेवला. झाडावर वीसेक कावळे, पण एक खाली येईना. हे म्हणाले, तुझ्या आईकडे बघेन. नाही. जाऊबाई म्हणाल्या, तुझी पुस्तकं शाळेला देऊ. नाही. दोन तास गेले. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. मी बायकांत लांब उभी होते. तिथूनच म्हटलं, पुढच्याला तुझं नाव देईन. शब्द पुरा व्हायच्या आत आला बघ.”

“मग यशोधनला का नाही दिलंत?”

“ह्यांनी देऊ दिलं नाही. गेलेल्याचं नाव पुन्हा हाकेला नको म्हणाले. बारशाला सगळ्यांसमोर यशोधन म्हणून मोकळे झाले.”

“आणि कानात?”

“कानात आत्या सांगते. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं.”

डिंक फुलत होता. त्यांनी गॅस बारीक केला.

“शब्द दिलेला आहे, मैथिली. मी सत्तरीची झाले. माझ्यामागे कोण पाळणार?”

मला वाईट वाटलं. त्यांच्याबद्दल वाटलं, आणि माझ्या बाळाबद्दलही. त्याचा अजून जन्म झाला नाही आणि त्याच्या नावावर एक शब्द थकलेला आहे.

११ डिसेंबर

आईंना घेऊन ट्रामनं गावात गेले. त्यांनी खिडकीजवळ बसून शेजारच्या सीटवर आपली कापडी पिशवी ठेवली. गाडी भरली. एका म्हाताऱ्या गृहस्थानं वाकून विचारलं, जागा रिकामी आहे का. आईंनी मान हलवली, नाही. त्याला कळेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतरल्यावर म्हटलं, “आई, पिशवी मांडीवर घ्यायची. इथे वाईट दिसतं.”

“पिशवी मांडीवरच घेते गं मी. पण जागा सोडली की मुलं उभी राहून दमतात.”

वाक्य नीट लागलं नाही. त्यांना थंडीनं बोलायला त्रास होत होता.

१५ डिसेंबर

रविवार. आई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. वहीच्या पानाचा फोटो बघून म्हणाल्या, “हे सगळे एकाच नावाचे? मग हाक मारली की कोण येतं?”

“हाक मारत नाहीत. वाचतात.”

“मोठ्यानं वाचतात ना?”

“हो.”

“मग तेच.”

राजा चांगला होता का, असं विचारलं. मी म्हटलं, पुस्तकं वाचायचा. राज्यासाठी भावाचे डोळे काढले. भावाचा मुलगा अगदी लहान होता, त्याचेही काढले.

“आणि ह्याच्यासाठी प्रार्थना?”

“तारीख आली की नाव येतं. नाव आलं की करायची.”

“आणि जेवण?”

मला आश्चर्य वाटलं. मठांमधे ती रीत होतीच. कुणी वारला की महिनाभर त्याच्या जागेवर त्याचं ताट वाढायचं, नंतर ते दारातल्या गरिबाला द्यायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

“मग आपल्यासारखंच आहे,” त्या म्हणाल्या. समाधान झालेलं दिसलं. मग फोटोवर बोट ठेवून, “ही ओळ मोकळी का?”

“माहीत नाही.”

“तुझं काम ना हे?”

२० डिसेंबर

शेवटचा दिवस. सोमवारपासून मुटरशुट्झ, बाळंतपणाची रजा. फ्राऊ लिंडनरनी केक आणला होता. उरलेलं काम त्या पुरं करतील. फेब्रुवारीत, तीन तारखेला, मठाच्या जुन्या चर्चमधे छोटा समारंभ आहे. त्या दिवसाची नावं पाचशे वर्षांनी पुन्हा मोठ्यानं वाचायची. “तू येऊ शकलीस तर ये,” त्या माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, “दोघंही या.”

निघताना चाचणीच्या नोंदी काढल्या. मांजर, सासरे, यशोधन. भास्कर चाचणीच्या यादीत दिसला नाही. आधीच काढला असणार.

पाचव्या कोलोमानला ‘अज्ञात’ लिहिलं. लिहिताना हात अडला, म्हणून हे इथे नोंदवते.

८ जानेवारी

हेबामे, म्हणजे इथली सुईण, घरी येऊन तपासून गेली. ठोके छान. जाताना दाराशी बूट घालत म्हणाली, “मोठ्याला कसं वाटतंय, घरात बाळ येणार म्हणून?”

मी म्हटलं, हे पहिलंच.

“अरे हो. दिवसाला सहा घरं करते मी, गोंधळ होतो.” तिनं एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे आई भाजी निवडत बसल्या होत्या आणि मराठीत बोलत होत्या. “सासूबाई गोड आहेत. माझी आजी अशीच बोलायची.”

आईंचा स्वेटर पुरा होत आला. निळा. मी मापून बघितला, आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आहे. म्हटलं, आई, केवढा हा! म्हणाल्या, लोकर उरली होती.

१९ जानेवारी

आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या, तेवढ्यात यशोधनशी बोलून घेतलं. आवाज चढला.

“नाव दिलं तर आपलं काय जातंय? ती खूश होईल. घरी आपण काहीही हाक मारू.”

“माझं मूल कुणाच्या जागेवर येणार नाही. ते स्वतःचं नाव घेऊन येईल.”

“जागा वगैरे काय? नाव आहे नुसतं.”

“तुला दिलं असतं तर?”

तो टेबलावरचा डाग नखानं खरवडत म्हणाला, “मला दिलेलंच होतं गं. बाबा घरात नसले की आई त्या नावानं हाक मारायची. मी कधी वळायचो नाही.”

“मग?”

“मग काही नाही. माझ्या मागे कुणीतरी वळलंय असं वाटायचं.” तो हसला. “लहान होतो. तेव्हा मला कशाचीही भीती वाटायची.”

शेवटी ठरलं, भास्कर नाही. मुलगा झाला तर प्रसन्न, मुलगी झाली तर स्वराली. आईंना त्यानं सांगायचं. त्यानं सांगितलं. त्यांनी कपड्यांचे चिमटे मोजल्यासारखे एकेक डब्यात टाकले आणि म्हणाल्या, “तू तुझ्या बाबांसारखाच. ठीक आहे. मी त्याला समजावते.”

मला वाटतं त्या मनातून नमल्या. निदान रडल्या नाहीत.

३ फेब्रुवारी

दुपारचे तीन. सोफ्यावर पडून लिहिते. कळा नाहीत.

समारंभाला गेलो. फ्राऊ लिंडनर गाडी घेऊन आल्या, मी आणि आई मागे बसलो, मधे आईंची पिशवी. चर्चमधे हीटिंग नव्हतं, तीसेक माणसं कोट घालून बसलेली. आईंनी पहिल्या रांगेत शेवटून दुसरी खुर्ची धरली आणि शेवटच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. मी दुसऱ्या बाजूला.

फ्राऊ लिंडनरनी यादी वाचली. प्रोग्रॅममधूनच छापलेली होती. आवाज चांगला आहे त्यांचा, सपाट. प्रत्येक नावानंतर तीन श्वास थांबायचं असं ठरलेलं. कोलोमान, राजा. कोलोमान, मुलगा.

भास्कर, मुलगा.

उच्चार अगदी स्वच्छ केला त्यांनी. मठाच्या वहीत कधीच नसलेलं नाव, पण त्यांना ते इतर नावांइतकंच अनोळखी. माझं काय चुकलं हे मला त्याच क्षणी कळलं. जोडताना नोंदीवरची चाचणीची खूण गेली, क्रमांक खऱ्यांच्या रांगेत गेला, तारीख बाळाची लागली. मी काढलाच नव्हता तो. दिसला नाही म्हणून मी सोडून दिला.

तीन श्वास शांतता. तेवढ्यात आईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली. हळूच म्हणाल्या, “बस.”

परत येताना गाडीत त्या खुशीत होत्या. “बघ, किती व्यवस्थित बोलावलं बाईंनी. आमच्या गुरुजींना कधी असं जमलं नाही.” मी फ्राऊ लिंडनरना चूक सांगितली. त्या आरशातून बघून म्हणाल्या, “मग माझी मांजर थोडक्यात वाचली. पुढच्या छपाईत काढून टाकू.” दोघी हसलो. मग त्यांनी विचारलं, “तो कोण होता पण?”

“माझ्या नवऱ्याचा भाऊ. नऊ वर्षांचा असताना गेला.”

“ओह.” सिग्नलला थांबून, “मग काय बिघडलं. एकदा त्याचंही नाव वाचलं गेलं.”

घरी आल्या आल्या प्रोग्रॅम उघडला. नोंद तोडायला गेले. दोन्ही नावांपैकी एकाची खरी तारीख द्यावी लागते. भास्करची मृत्यूची तारीख मला माहीत नाही. बाळाची अजून आलेली नाही. तोडता आलं नाही. आईंना तारीख विचारली.

“कशाला? आज आहे ना.”

“त्याची, आई. गेला ती.”

“आज वाचली ना बाईंनी? मग तीच.”

त्या खीर करत आहेत. शेवया भाजल्याचा वास येतोय.

७ फेब्रुवारी

परवा दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. तीन किलो शंभर. डोक्यावर खूप केस. मी खूप रडले, आधी दुखलं म्हणून आणि मग हलकं वाटलं म्हणून. मुलगी. भास्करचा प्रश्नच मिटला. हे लिहिताना लाज वाटते, पण पहिला विचार हाच आला.

स्वराली. दवाखान्यातल्या बाईंनी श्टांडेसआम्टचा, म्हणजे जन्मनोंदणीचा, कागद आणला, यशोधननं मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आईंनी तिला घेतलं, दृष्ट काढली, पायाच्या अंगठ्याला काजळ लावलं. खरंच आनंद झाला त्यांना. मग दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत होत्या. यशोधनला म्हणाल्या, “आणि आता त्यानं कुठे जायचं?”

“कुणी, आई?”

“बोलावून बसलोय आपण.”

यशोधन म्हणाला, आई दमली आहे. मलाही तसंच वाटतं. घरी गेल्यावर त्यांना झोपेची गोळी द्यायला हवी.

१२ फेब्रुवारी

घरी. स्वराली दूध पिते, झोपते. जागी असली की माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते, सोफ्याच्या हाताएवढ्या उंचीवर. हेबामे म्हणाली, या वयात त्यांना फक्त उजेड आणि काळोखाची कड दिसते. तिथे कड कसली आहे हे मी शोधलं. भिंत पांढरी आहे.

निळा स्वेटर रेडिएटरवर वाळत घातलेला असतो. रोज. आई रोज का धुतात ते विचारायचं राहतं.

१६ फेब्रुवारी

आज बारसं झालं. यशोधनच्या फॅक्टरीतले श्रीनाथ आणि प्राची आले होते. पाळणा नव्हता, आयकियाच्या टोपलीला फुलांची माळ बांधली. आत्या नाही, म्हणून कानात नाव सांगायचं काम आईंनी घेतलं. प्राचीनं कुर्रर्र केलं, सगळे हसले. आई वाकून स्वरालीच्या कानाशी बराच वेळ होत्या. एका नावाला एवढा वेळ लागत नाही. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी एक पान वाढलं. वरणभात, खीर त्या वाटीत. बाल्कनीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. इथला कावळा आपल्यापेक्षा मोठा आणि काळाकुट्ट. तो समोरच्या झाडावर येऊन बसला. मग आणखी दोन. कुणी हालेना.

उणे चार होतं. आई साडीवर, पायात चपला. यशोधन दारातून, “आई, आत ये. आई, निमोनिया होईल. अगं इथले कावळे वेगळे असतात, त्यांना वरणभात कळत नाही.”

“त्याला कळतं.”

“कुणाला?”

त्यांची नजर झाडावरच. वीस मिनिटं. पंचवीस. त्यांचे ओठ निळे पडायला लागले. यशोधननं हाताला धरून ओढलं तर कठड्याला घट्ट धरून राहिल्या. तो लहान मुलासारखा रडायला लागला. त्याला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरची बाई आपल्या बाल्कनीतून वर बघत होती.

आईंनी झाडाकडे बघून बोलायला सुरुवात केली. तुझी वाटी इथे ठेवते. तुझा स्वेटर झाला. तुला काका म्हणायला हिला शिकवते. तुझ्या बाबांचं मनावर घेऊ नकोस. एकेक वाक्य, मग वाट बघायची. कावळे तसेच.

मी स्वरालीला ब्लँकेटमधे गुंडाळून दारात उभी होते. बाहेरचा गारवा तिच्या तोंडाला लागत होता. ती झोपली नव्हती. मला एवढंच हवं होतं की दार बंद व्हावं.

मी म्हटलं, “पुढचा मुलगा झाला तर नाव देऊ. भास्करच ठेवू.”

मोठ्यानं म्हटलं. कुणाला उद्देशून, ते लिहिता येत नाही.

शब्द पुरा व्हायच्या आत आला.

आई आत आल्या. शाल घेतली, चहा प्यायल्या, हात शेकत बसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना इकडेतिकडे न बघता नुसतं बसलेलं पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, “सुटले गं.”

मी त्यांच्यासाठी म्हटलं. आम्हाला दुसरं नकोच आहे. यशोधनशी कधीच ठरलं आहे. त्यामुळे शब्द दिला म्हणण्यासारखं काही नाही.

२४ फेब्रुवारी

वेळ मिळाला तसा अहवालातला माझा भाग पुरा केला. झोपलेली स्वराली डाव्या हातावर, टाइप उजव्या हातानं.

त्या रिकाम्या ओळीबद्दल तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं: ‘कोलोमान, मुलगा’ या नावाखालची ओळ मुद्दाम सोडलेली दिसते. पुढे येणाऱ्या सर्व हातांनी ती जपली आहे. कारण कळत नाही.

फ्राऊ लिंडनरनी उत्तर पाठवलं: गेनाऊ, अगदी बरोबर. असंच राहू दे.

२ मार्च

आई गेल्या. विमानतळावर हसत होत्या, स्वरालीचे पाय परत परत डोळ्यांना लावत होत्या. बॅग भरताना मी म्हटलं होतं, आई, वाटी राहिली.

“राहू दे,” म्हणाल्या. “लागेल तुला.”

स्वेटरही ठेवून गेल्या.

यशोधन तिथूनच फॅक्टरीत गेला, दुपारची पाळी. मी एकटीच परत आले, आधी रेल्वे, मग ट्राम. शनिवार-रविवारची गर्दी. खिडकीजवळ जागा मिळाली. स्वरालीला छातीशी बांधलेलं होतं, बाळाच्या सामानाची पिशवी शेजारच्या सीटवर. दोन थांब्यांनंतर एक वयस्कर बाई आल्या, हातात काठी. वाकून विचारलं, ही जागा रिकामी आहे का.

पिशवी जड नव्हती. मांडीवर घेता आली असती.

मी मान हलवली. नाही.

बाई काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. स्वराली जागी झाली, सीटकडे वळली आणि हसली. पुस्तकांत लिहिलंय, सहाव्या आठवड्याच्या आधी हसत नाहीत.